फावला वेळ आणि राखलेला वेळ

मराठी वाङ्मयाचा गेल्या सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास पाहूं जातां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. हें वाङ्मय बहुतांशीं नोकरदारांनीं लिहिलेलें आहे. केशवसुत शाळामास्तर होते. मर्ढेकरांनीं आकाशवाणींत अधिकाराच्या जागा सांभाळल्या. गंगाधर गाडगीळांनीं अर्थशास्त्र शिकविलें. अरविंद गोखले शेतकी महाविद्यालयांत अध्यापन करीत. इंदिरा संत बेळगांवास शिक्षिका होत्या. जयवंत दळवी अमेरिकन माहिती-कचेरींत नोकरीस होते. राजाश्रय संपला, आणि ग्रंथविक्रीवर घर चालेल असे दिवस बहुतेकांच्या वांट्यास आलेच नाहींत. तेव्हां दिवसा चाकरी आणि उरल्या वेळांत सरस्वतीची सेवा, हा आमच्या लेखकांचा क्रम ठरून गेला. यांत निंदा करण्यासारखें कांहीं नाहीं. नवल इतकेंच कीं, या क्रमाचा त्यांच्या लेखनाच्या घडणीवर काय परिणाम झाला, हा प्रश्न आमची टीका क्वचितच विचारते. 'नोकरी सांभाळून एवढें लिहितो, केवढें कौतुक!' असा उद्गार निघतो आणि परीक्षण तेथेंच थांबतें. हें कौतुक लेखकाच्या हिताचें नाहीं आणि वाचकाच्याही नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. त्याचीं कारणें येथें मांडावयाचीं आहेत.

आरंभ शब्दांपासूनच करूं. 'फावल्या वेळांत लिहितो' असें आपण म्हणतों. फावला वेळ म्हणजे जो कोणाच्याच हक्काचा नाहीं, जो सगळीं कामें उरकल्यावर आपोआप हातीं लागला, असा वेळ. त्याच्या उलट दुसरा एक वेळ आहे. त्याला राखलेला वेळ म्हणावें. शेतकरी दुष्काळाच्या सालींही बियाण्याचें धान्य वेगळें राखतो. खाऊन उरलें तर पेरूं, असें तो म्हणत नाहीं. तसा दिवसाच्या आरंभींच, इतर कोणत्याही कामाचा हात लागण्यापूर्वीं, बाजूला काढून ठेवलेला जो तास, तो राखलेला वेळ. आणखी एक शब्दप्रयोग पाहण्यासारखा आहे. 'वेळ काढणें' याचे आपल्या भाषेंत दोन अर्थ होतात. लेखनासाठीं आवर्जून वेळ काढला, हा एक. आणि कसाबसा वेळ काढला, हा दुसरा. साधना आणि टाळाटाळ हीं एकाच शब्दप्रयोगांत शेजारीं शेजारीं नांदतात. नोकरदार लेखकाच्या सगळ्या यशापयशाचें मर्म या दोन अर्थांच्या मधल्या अंतरांत आहे.

या प्रश्नाचें घर शोधावयाचें तर ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हा टापू सोडून दूर जाण्याचें कारण नाहीं. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोंचली. पुढल्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत धांवूं लागली. तेव्हांपासून हळूहळू या गांवांचा दिवस सूर्यावर न चालतां वेळापत्रकावर चालूं लागला. ग्रंथांची आवड येथें जुनीच आहे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यास १९६०, १९८८ आणि २०१० मध्यें भरलें, आणि २०१७ मध्यें डोंबिवलीनें त्याचें यजमानपद घेतलें. वाचनाची इतकी हौस असलेल्या या गांवांतील माणूस सकाळीं घर सोडतो, सव्वा तास गर्दींत उभा राहून मुंबईची कचेरी गांठतो, आणि तितकाच वेळ घालवून दिवेलागणीनंतर परततो. जाण्यायेण्याचे हे अडीच तास ना घरचे ना कचेरीचे. अशा गांवांत 'सवड नाहीं' ही तक्रार खोटी म्हणतां येणार नाहीं.

तथापि याच गाड्यांत दुसरेंही एक दृश्य दिसतें. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, आणि त्यांत टाळांच्या साथीनें अभंग म्हणत जाणारें भजनी मंडळ. हे लोक गवई नव्हेत. कोणी कारकून, कोणी कारखान्यांतील कामगार. पण त्यांचा नेम वर्षानुवर्षें चालतो. त्याचें कारण उघड आहे. एकानें आळस केला तर दुसरे तिघे त्याची वाट पाहतात. चौघांनीं मिळून राखलेला वेळ सहसा मोडत नाहीं. हौशी नाट्यमंडळ्यांचेंही तेंच. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू झाल्या. कचेरी सुटल्यावर रात्रीं उशिरांपर्यंत तालमी करून त्यांत उतरणाऱ्या नटांना स्पर्धेची तारीख आणि सोबत्यांची लाज हींच बांधून ठेवीत आलीं आहेत. लेखकाला मात्र ही सोय नाहीं. तो लिहावयास बसला नाहीं तर कोणाचें कांहीं अडत नाहीं, आणि त्याची वाट पाहणारें कोणी नसतें. म्हणूनच वेळ राखण्याचा प्रश्न गायनापेक्षां किंवा नाट्यापेक्षां लेखनांत अधिक कठीण होऊन बसतो.

हा प्रश्न प्रत्यक्ष लेखनांत कसा सोडविला गेला, हें पाहण्यास शं. ना. नवरे यांचें उदाहरण फार उपयोगाचें आहे. नवरे (१९२७–२०१३) हे पक्के डोंबिवलीकर. सचिवालयांत, म्हणजे आतांच्या मंत्रालयांत, त्यांनीं अनेक वर्षें नोकरी केली. आणि कथा, नाटकें, पटकथा, सदरलेखन असा मोठा प्रपंच मांडला. त्यांच्या कथेची ठेवण पाहिली म्हणजे कचेरींत जाणाऱ्या माणसाच्या दिवसाची ठेवण आठवल्याखेरीज राहत नाहीं. दोन-तीन माणसें, एखादी खोली किंवा गॅलरी, घरगुती असा एकच प्रसंग, आणि बोलतां बोलतां उलगडत जाणारें मन. वर्णन थोडें, संवाद पुष्कळ. यांत नुसत्या स्वभावाचा भाग नाहीं. संवाद गर्दींतही कानांत धरून ठेवतां येतो. दोन माणसांचें बोलणें मनांत घोळवीत ठाणें-दादर पार करतां येतें. विस्तृत वर्णनाला, पात्रांच्या पिढ्यांना, प्रदेशाच्या इतिहासाला टेबल लागतें, टिपणें लागतात, सलग आठवडे लागतात. अर्थात् नवऱ्यांची प्रत्येक कथा गाडींतच सुचली, असें येथें सुचवावयाचें नाहीं. म्हणावयाचें तें इतकेंच कीं, खंडित वेळाला झेपेल असा घाट त्यांनीं ओळखला आणि त्यांत ते रमले. ज्याला आपल्या तासाची लांबी ठाऊक आहे, तोच त्या तासांत पुरी होणारी वस्तु घडवूं शकतो.

या दृष्टीनें पाहतां मराठी लघुकथेच्या भरभराटीचें एक कारण वाङ्मयाबाहेरही सांपडतें. मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे संपादक कथा मागत होते हें खरें. पण ती देणारे हात नोकरदारांचे होते आणि कथा ही त्यांना पेलणारी वस्तु होती, हेंही तितकेंच खरें. मात्र यावरून लघुकथा ही सवडीच्या अभावीं पत्करलेली तडजोड आहे, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. अरविंद गोखल्यांनीं जन्मभर कथेचीच उपासना केली. त्यांच्या हातीं तो घाट इतका कसदार झाला कीं, त्याकडे पाहतांना कादंबरीची उणीव कोणासही भासूं नये. तडजोड आणि निवड यांतील भेद येथें दिसतो. लहान घाट वेळेअभावीं धरला, तर लेखनांत सतत कांहीं तरी राहून गेल्याची खूण उमटते. तोच घाट आपला म्हणून धरला, तर त्याचा लहानपणा लोपतो.

पण या वाङ्मयाचे दोष झांकून ठेवणें टीकेला शोभणार नाहीं. आमच्या मध्यमवर्गीय कथेंत आणि नाटकांत पुष्कळदां असें होतें कीं, प्रसंग संपला कीं कथा संपते. प्रश्न मात्र पुढें चालत राहतो आणि लेखक त्याच्याबरोबर जात नाहीं. बाप-लेकाचा तंटा मिटतो, नवरा-बायकोचें मनोमीलन होतें, वाचक डोळे पुसून अंक मिटतो. ज्या व्यवस्थेनें तो तंटा लावला होता, तिच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. हा समंजसपणा मोहक आहे. त्याच्या मुळाशीं मात्र थकवाही असतो. दिवसभर वरिष्ठांशीं जुळवून घेऊन आलेला माणूस रात्रीं आपल्या पात्रांनाही जुळवून घ्यावयास लावतो. हा दोष एकट्या नवऱ्यांच्या माथीं मारण्यासारखा नाहीं; तो एका सबंध वर्गाच्या लेखनाचा आहे. नोकरी करीत असतां याहून खोल जातां येत नाहीं काय, या शंकेला दळव्यांनीं उत्तर देऊन ठेवलें आहे. त्यांची 'चक्र' ही कादंबरी १९६३ मध्यें आली तेव्हां ते नोकरींतच होते; आणि झोपडपट्टींतील त्या जगण्याकडे पाहतांना त्यांनीं समेटाचा आधार घेतला नाहीं. त्याच दळव्यांनीं 'ठणठणपाळ' या टोपणनांवानें 'ललित' मासिकांत वर्षानुवर्षें सदर चालविलें. त्याचें नांव 'घटका गेली पळे गेली' असें होतें. महिन्याच्या महिन्यास मजकूर द्यावयाचा, ही सदराची अट त्यांना जाचक न होतां उपकारकच ठरली असावी. भजनी मंडळांतील सोबत्याचें काम येथें संपादकाच्या तारखेनें केलें. दळव्यांच्या 'महानंदा' कादंबरीवरून नवऱ्यांनीं 'गुंतता हृदय हे' नाटक रचलें, ही गोष्टही लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दोन नोकरदारांचा राखलेला वेळ येथें एकत्र आला.

नियमितपणाचा विषय निघाला म्हणजे इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास अँथनी ट्रोलप आठवतो. १८३४ ते १८६७ पर्यंत तो इंग्लंडच्या टपालखात्यांत नोकरीस होता. पहाटे साडेपांचास टेबलाशीं बसावयाचें, घड्याळ समोर ठेवावयाचें, आणि दर पाव तासास अडीचशें शब्द लिहावयाचे, असा त्याचा नेम. खात्याच्या कामासाठीं सतत आगगाडीनें फिरावें लागे, तेव्हां गुडघ्यावर पाटी ठेवून तो डब्यांतच पेन्सिलीनें लिही. 'बार्चेस्टर टॉवर्स' या कादंबरीचा मोठा भाग त्यानें असा लिहिला. एकूण सत्तेचाळीस कादंबऱ्या त्यानें लिहिल्या. त्याचें आत्मचरित्र मृत्यूनंतर, १८८३ मध्यें, प्रसिद्ध झालें आणि त्यांतील हा हिशेब वाचून रसिकांचें मन विटलें. प्रतिभेला घड्याळ लावणारा हा कसला कलावंत, असें त्यांना वाटलें. काळानें मात्र ट्रोलपला वाचविलें. त्याच्या चांगल्या कादंबऱ्या आजही वाचल्या जातात. तरी रसिकांच्या त्या विटण्यांत सत्याचा अंश होता. नेमानें लिहिणारा माणूस पाट्या टाकूं लागण्याचा संभव असतो. कचेरींत आठ तास पाट्या टाकावयाच्या आणि घरीं येऊन नवव्या तासाला पुन्हां त्याच टाकावयाच्या, यास साधना म्हणतां येणार नाहीं. नेमाचें काम लेखकाला टेबलापर्यंत आणून सोडण्याचें. पुढें मन जागें ठेवणें हें नेमाच्या हातचें नाहीं.

मग नोकरी सोडली म्हणजे मन जागें होतें काय? चार्ल्स लँबनें तेहतीस वर्षें ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरींत हिशेबाच्या वह्या लिहिल्या आणि १८२५ मध्यें तो सेवामुक्त झाला. हातीं आलेल्या त्या अमर्याद सुटीनें माणूस कसा गोंधळतो, रविवारची गोडी कशी नाहींशी होते आणि पाय पुन्हां जुन्या सोबत्यांकडे कसे वळतात, याचें चित्र त्यानें त्याच वर्षीं एका निबंधांत रेखाटलें. आणि ज्या निबंधांवर त्याची कीर्ति उभी आहे, त्यांचा पहिला संग्रह १८२३ मध्यें, म्हणजे नोकरींत असतांनाच, निघाला होता. याच्या उलट उदाहरण आपल्याकडे रत्नाकर मतकरींचें. सुमारें वीस वर्षें बँकेंत काढल्यावर १९७८ मध्यें त्यांनीं नोकरी सोडली आणि पुढें सर्वस्वीं लेखन-नाट्याला वाहून घेतलें. पण ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, त्या वीस वर्षांतच ते नाटककार आणि बालरंगभूमीचे कार्यकर्ते म्हणून उभे राहिले होते. नोकरी सोडल्यामुळें ते लेखक झाले नाहींत. लेखक झाल्यामुळें त्यांना नोकरी सोडतां आली. निवृत्तीनंतर लिहूं, असें म्हणणाऱ्या आमच्या पुष्कळ मित्रांनीं या क्रमाचा विचार करावा.

आणि ज्यांना मोठा ग्रंथ हातीं घ्यावयाचा आहे, त्यांनीं ठाण्याच्याच विनायक लक्ष्मण भाव्यांकडे पहावें. भाव्यांचा (१८७१–१९२६) धंदा मिठाचा. मिठागरांचा व्यवहार पाहणाऱ्या या गृहस्थानें ऐन तारुण्यांत ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय उभें करण्यांत पुढाकार घेतला, आणि प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहावयास घेतला. 'महाराष्ट्र सारस्वत' प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजापूरकरांच्या 'ग्रंथमाला' मासिकांतून आलें. त्याची पुष्कळ वाढविलेली आवृत्ति १९१९ मध्यें निघाली. मधलीं वीस वर्षें हस्तलिखितें मिळविणें, तीं वाचणें, जुनें मत सोडून नवें घेणें यांत गेलीं. मिठागरांत पाणी कोंडून ठेवल्यावर मीठ उन्हानें आपल्या गतीनें धरतें. तेथें घाई चालत नाहीं. हा ग्रंथही तसाच धरला. खंडित वेळांत मोठें काम होत नाहीं, ही समजूत भाव्यांनीं खोटी ठरविली. खंडित वेळांत लवकर होत नाहीं, इतकेंच खरें. दर दिवाळीस नांव छापून आलें पाहिजे, ही उतावळी ज्याला आवरेल, त्याला नोकरी मोठ्या ग्रंथाच्या आड येत नाहीं.

येथवर वेळ राखण्याचा विचार केला. पण तो कोणाकडून राखावयाचा, हा प्रश्न उरतोच, आणि या विषयांतील खरी नड तीच आहे. ट्रोलपला पहाटे कॉफी देऊन उठविण्यासाठीं एक म्हातारा मोतद्दार होता. त्याला वर्षाला पांच पौंड जास्त मिळत, आणि आपल्या यशाचें श्रेय त्याच्याइतकें कोणाचेंच नाहीं, असें ट्रोलपनें मोकळ्या मनानें कबूल केलें आहे. गाडींत पेन्सिलीनें लिहिलेले कागद त्याची पत्नी स्वच्छ उतरून काढी. आमच्या लेखकांच्या घरीं मोतद्दार नव्हता. पण लेखक दार लोटून आंत बसला असतां मुलांना गप्प करणारें, पाहुण्यांना परत लावणारें आणि दुधाचा हिशेब पाहणारें कोणी तरी होतेंच. तिचें नांव अर्पणपत्रिकेंत येतें. तिचा वेळ मात्र कोणत्याही परीक्षणांत येत नाहीं. आणि आतां ती स्वतः नोकरीस जाते. संध्याकाळच्या गाडींत बायकांच्या डब्यांत भाजी निवडली जाते, शेंगा सोलल्या जातात. घरीं पोहोंचण्याआधींच रात्रीच्या स्वयंपाकाला हात लागलेला असतो. त्या डब्यांत बसलेल्या एखादीच्या मनांत कविता असेल, तर तिनें तास कोणाकडून राखावा?

या प्रश्नाला दोन थोर स्त्रियांनीं आपापल्या परीनें उत्तर दिलें. इंदिरा संतांचे पति ना. मा. संत १९४६ मध्यें वारले. तीन मुलांचा संसार आणि शिक्षिकेची नोकरी सांभाळून त्यांनीं कविता चालू ठेवली. 'शेला' १९५१ मध्यें आला, आणि पुढें 'गर्भरेशीम' या संग्रहास १९८४ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची कविता आकारानें लहान, पण तिच्यांत घाईची रेषही नाहीं. जेवढा एकांत मिळाला तेवढाच पुरे होईल, असा शब्दांचा संयम त्यांनीं साधला होता. बहिणाबाई चौधरींचें तर सर्वस्वीं वेगळें. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि राखून ठेवण्यास तासही नव्हता. त्यांनीं कामांतच गाणें रचलें. तीं गाणीं घरच्यांनीं उतरून घेतलीं म्हणून १९५२ मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर, महाराष्ट्रास मिळालीं. नारायण सुर्व्यांनीं गिरणींत काम केलें, शाळेंत शिपाई म्हणून काम केलें, आणि पुढें ते शिक्षक झाले. त्यांच्याही कवितेंत काम हें कवितेचें वैरी नसून तिचें द्रव्य आहे. चाकरीनें आपला वेळ खाल्ला, असें म्हणणाऱ्यानें तिनें आपणांस कांहीं दिलें काय, हेंही एकदां तपासून पाहणें बरें. मात्र बहिणाबाईंचें नांव घेऊन घरांतील स्त्रीला 'तूंही काम करतां करतां रच' असें सांगणें हा उद्धटपणा होईल. अशा कितीजणींचीं गाणीं कोणीच उतरून घेतलीं नाहींत, त्याची गणति कोठेंही नाहीं.

तेव्हां टीकाकारानें आणि वाचकानें काय करावें? पहिली गोष्ट, 'नोकरी सांभाळून' हें विशेषण परीक्षणांतून काढून टाकावें. तें सवलतीचे गुण देण्यासारखें आहे, आणि सवलतीच्या गुणांनीं वरच्या वर्गांत गेलेला विद्यार्थी पुढें कोठें अडतो, तें आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. कथा कोठें लिहिली, किती थकव्यांत लिहिली, याची चौकशी चरित्रकारानें करावी. कथा जेथें थांबावयास नको होती तेथें थांबली काय, एवढेंच परीक्षकानें पहावें. दुसरी गोष्ट घराची. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतही एक तास राखतां येतो. पण तो घरच्या सर्वांनीं मिळून राखावा, आणि त्याची पाळी फिरती असावी. आज एकानें लिहावें व दुसऱ्यानें दार सांभाळावें, उद्यां उलट. बियाणें घरांतील एकाच्याच मालकीचें नसतें.

आणि लेखकानें इतकें ध्यानांत ठेवावें कीं, राखलेला प्रत्येक तास कोणाच्या तरी वांट्यांतून आलेला असतो. तें ऋण अर्पणपत्रिकेनें फिटत नाहीं. त्या तासांत सोपें तें लिहून मोकळें न होतां, कथेंतील प्रश्न जेथवर जातो तेथवर त्याच्याबरोबर जावें, हीच त्याची परतफेड.